गावच्या घराची विक्री: कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

गावठाणातले घर विकायला काढण्यापूर्वी त्या घराचा मालक कागदोपत्री कोण आहे हे नक्की करून घ्यावे लागते, आणि आमच्याकडच्या खेड्यांमध्ये नेमके हेच काम शेवटपर्यंत मागे ठेवले जाते. आधी सौदा ठरतो, इसार दिला-घेतला जातो आणि मग नावांचा घोळ बाहेर येतो. आमचे घर वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात होते. आजोबांनी स्वतः बांधलेले, मातीच्या जाड भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे, समोर ओसरी, मागे बैलांचा कोठा आणि एका अंगाला सांदवाडी, म्हणजे बाजूची मोकळी जागा, असे ते घर बाबा गेल्यानंतर आईने एकटीने सांभाळले. तिला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्यासाठी माणसे शोधणे होईनासे झाले, तेव्हा घर विकून माझ्याजवळ तालुक्याच्या गावी यायचे तिनेच ठरवले. भाऊ पुण्याला आणि धाकटी बहीण चंद्रपूरला असल्यामुळे हे सगळे काम माझ्याकडे आले, आणि त्यात जे कळले ते अशाच घरांच्या वारसांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

सौदा जुळवून देणारे गावातले गृहस्थ पहिल्याच बैठकीत म्हणाले, "तुमच्या बाबाच्या नावानं आठ अ हाये नं ताई, मंग आनखी कायचा कागद पाह्यजे?" गावात बहुतेकांची समजूत हीच असते. ते ज्याला आठ अ म्हणत होते तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा गाव नमुना ८ अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा असतो आणि त्याचा गावठाणातल्या घराशी संबंध नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरावरचा कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच लिहिलेले असते, आणि त्यातले नाव हा मालकीचा पुरावा होत नाही हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलेले आहे. बाबांचे नाव तिथे आजोबांच्या जागी लागले होते, पण ते कोणत्या कागदाच्या आधारे लागले हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधूनही मिळाले नाही.

याचे मूळ जुने आहे. महसुली मोजणीच्या वेळी शेतांचे सर्व्हे नंबर पडले, कारण शेतीवर सारा बसत असे. गावठाणाची मात्र बाहेरची हद्द तेवढी मोजली गेली आणि आतल्या घरांची वेगवेगळी मोजणी झाली नाही. त्यात आमचा भाग मालगुजारीचा, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या गावमालकांचा. आबादीतली जागा मालगुजाराच्या संमतीने घर बांधायला मिळायची आणि तिचा लेखी कागद फारच थोड्यांकडे असायचा. मालगुजारी १९५१ साली संपली, पण घरांचे कागद त्यानंतरही तयार झाले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या माणसाला आपले घर आपले आहे हे सिद्ध करण्याची गरज कधी पडत नाही. ती गरज विकण्याच्या, कर्ज काढण्याच्या किंवा वाटणीच्या वेळी उभी राहते.

आमच्या बाबतीत सुदैव असे की गावात स्वामित्व योजनेची मोजणी होऊन गेली होती. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या या योजनेत गावठाणातल्या प्रत्येक मिळकतीची ड्रोनने मोजणी होते, त्यापूर्वी घरमालकांनी आपापल्या जागेच्या कडेने चुन्याची रेघ आखायची असते, आणि त्यानंतर चौकशी होऊन मिळकत पत्रिका तयार होते. आमच्याकडे तिला आजही सगळे आखीव पत्रिका म्हणतात. चुन्याच्या त्या रेघेकडे लोक फारसे गांभीर्याने पाहत नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण योजनेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ज्या गावात मोजणी व्हायची आहे तिथल्या लोकांनी, विशेषतः बाहेरगावी राहणाऱ्यांनी, त्या दिवशी शेजाऱ्याला सोबत घेऊन स्वतः उभे राहावे, कारण रेघ जिथे पडते तिथे नकाशावरची हद्द येते आणि ती पुढे हलवायची तर हरकत, फेरचौकशी, अपील असा लांबचा रस्ता धरावा लागतो.

आईने त्या वेळी रेघ आखून घेतली होती, पण एका ठिकाणी प्रश्न उरला. पश्चिमेकडची भिंत आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक आहे. त्यांच्या माजघराच्या सागवानी मयाली, म्हणजे तुळया, थेट त्या भिंतीत रोवलेल्या आहेत. आमच्या बाजूने हात लावून पाहिले की मातीच्या गिलाव्याखाली लाकडाची टोके हाताला लागतात. नकाशात भिंत पूर्णपणे आमच्या हद्दीत दाखवली गेली होती. शेजारी भले माणूस, त्यांनी हरकत घेतली नव्हती, पण उद्या नवा मालक ती भिंत पाडायला निघाला असता तर त्यांचे छप्परच खाली आले असते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "पश्चिमेस सामाईक भिंत, त्यापलीकडे अमुक यांचे घर" असे स्पष्ट लिहून घेतले आणि भिंतीवरचा त्यांचा आधार कायम राहील असे एक वाक्य घातले. खरेदीदाराला ते आधीच दाखवले होते, त्यामुळे त्यानेही मान्य केले. जुन्या घराच्या व्यवहारात सामाईक भिंत, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, सांडपाण्याची नाली कोणाच्या जागेतून जाते आणि मागच्या दाराचा रस्ता कोणाचा, या चार गोष्टी जागेवर उभे राहून बोलल्या पाहिजेत. खरेदीखताच्या छापील मसुद्यात त्यांना जागा नसते, ती अर्जनवीसाकडून किंवा वकिलाकडून करून घ्यावी लागते.

क्षेत्रफळाचाही फरक निघाला. नमुना ८ मध्ये लांबी-रुंदी चाळीस बाय तीस, म्हणजे १२०० चौरस फूट लिहिली होती. आखीव पत्रिकेवर ९८.६ चौरस मीटर आले, म्हणजे सुमारे १०६१ चौरस फूट. जुने माप दोरीने घेतलेले होते आणि त्यात सांदवाडीच्या कडेची नालीची पट्टी धरलेली होती, जी प्रत्यक्षात सार्वजनिक वाटेचा भाग आहे. ही गोष्ट आम्ही खरेदीदाराला सौदा ठरण्यापूर्वीच सांगितली आणि किंमत एकरकमी, आखीव पत्रिकेतल्या क्षेत्राप्रमाणे ठरवली. मोठे माप सांगून ठरलेला सौदा लहान मापाच्या कागदावर येऊन अडला की संबंध बिघडतात, आणि खेड्यात घर घेणारा माणूस बहुधा शेजारचा किंवा भावकीतला असतो, त्याच्याशी संबंध पुढेही ठेवायचे असतात.

सर्वांत अवघड भाग वारसांचा होता. आखीव पत्रिकेवर बाबांचे नाव लागलेले असल्यामुळे आई, भाऊ, बहीण आणि मी असे चौघे वारस, एवढे सोपे गणित आम्ही धरून होतो. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो आजोबांबद्दल. आजोबा १९७१ साली वारले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. घर आजोबांचे स्वकष्टार्जित, मृत्युपत्र केलेले नाही. म्हणजे त्यांच्या पश्चात आजी, बाबा आणि बाबांची बहीण, म्हणजे आमची आत्या, हे तिघे सारखे वाटेकरी झाले, आणि पुढे आजी गेल्यावर तिचा भागही बाबा आणि आत्या यांच्याकडे निम्मा निम्मा गेला. थोडक्यात, आमच्या घराचा अर्धा भाग आत्याचा होता आणि हे पन्नासहून अधिक वर्षांत घरातल्या कोणाच्या तोंडून निघालेले नव्हते. आत्याच्याही नाही.

याला कायद्याचाही थोडा आधार होता. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, घरातले पुरुष वारस आपापले भाग वेगळे करतील तेव्हाच तिला मागता येई. तसे कलम १९५६ च्या कायद्यात होते. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. मुलीचा हिस्सा त्यापूर्वीही होताच, त्यावर बसलेला अडसर तेवढा गेला. गावात मात्र आजही "बहिणींच्या सह्या घेऊन टाका" असे सहज म्हटले जाते, जणू त्या सह्या म्हणजे रहिवासी दाखल्यासारखी एखादी औपचारिक पूर्तता आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले की हक्क कायमचा जातो. ते कोणी समजून, आपल्या मर्जीने देत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण दिवाळीच्या माहेरपणात, चहाच्या कपासोबत, कशावर सही करतो आहोत हे न सांगता जे कागद पुढे केले जातात त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटते, आणि हे मी अनेक घरांमध्ये पाहिलेले आहे.

मी आत्याकडे गेले आणि वकिलांनी सांगितलेले सगळे तिला आकड्यांसह सांगितले. तिचे पहिले उत्तर होते, "घर त भावाचं असते बाई, माहा कायचा हिस्सा?" मी तिला म्हटले, आत्या, तुम्ही आज उत्तर देऊ नका, तुमच्या मुलांशी बोला. तिने वेळ घेतला. नंतर तिने आईला निरोप पाठवला की अर्धे नको, चौथाई द्या, बाकीचे वयनीले राहू द्या. भावाला आधी हे सगळे उकरून काढणे अनावश्यक वाटत होते, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे होते. पण वकिलांनी त्याला समजावले की आत्याची सही नसलेले खरेदीखत तिची मुलेच काय, नातवंडेही न्यायालयात नेऊ शकतात आणि तेव्हा खरेदीदार आपल्याला शोधत येईल. त्यानंतर त्याने कधी विरोध केला नाही.

हक्कसोडपत्रांच्या ऐवजी सर्व वारसांनी विक्रेते म्हणून थेट खरेदीखतावर सह्या करायच्या असे आम्ही ठरवले. एकाच्या नावाने सगळे हक्क सोडून मग त्याने विकायचे, हाही एक मार्ग आहे, पण त्यात दोन दस्त होतात आणि पैसे एकाच्याच खात्यात येतात. त्यापूर्वी आखीव पत्रिकेवर वारस नोंद करून घ्यावी लागली. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, आजोबा, आजी आणि बाबा यांचे मृत्यू दाखले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, सर्वांचे आधार आणि जुन्या कर पावत्या द्याव्या लागल्या. आजोबांच्या मृत्यूची नोंद शोधण्यात सर्वाधिक वेळ गेला, कारण जुन्या नोंदवहीत त्यांचे नाव घरच्या हाकेच्या नावाने लिहिलेले होते आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. नोटीस निघून हरकतीची मुदत संपली की फेरफार मंजूर होतो. ज्यांच्या घरात असे जुने मृत्यू नोंदवायचे राहिले असतील त्यांनी ते काम आज, विक्रीचा विचारही नसताना, करून ठेवावे. साक्ष देणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच ते सोपे असते.

गिऱ्हाईक त्यानंतर आले. आमच्याकडे घरांचे सौदे कापूस आणि तूर विकून पैसा हातात आल्यावर, म्हणजे साधारण संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत होतात. पेरणीच्या दिवसांत कोणी विचारत नाही. पूर्वेकडच्या घरातल्या मुलाला जागा वाढवायची होती आणि त्याने सहा लाख ऐंशी हजार देऊ केले. त्याच्या सोयीसाठी कोणी सल्ला दिला होता की खरेदीखतात सरकारी दराइतकीच रक्कम दाखवावी आणि उरलेली रोख द्यावी. आम्ही नकार दिला. आयकर कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. शिवाय त्यालाच ते घर उद्या विकायचे झाले तर कागदावरची कमी किंमत त्याच्याच मुळावर येईल. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी, किंमत आणि ठरलेली किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, आणि नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. त्याने घर पत्नीच्या नावाने घेतले. निवासी घर महिलेच्या नावावर घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती त्याला मिळाली, आणि खर्च कमी करण्याचा हा सरळ मार्ग त्याला रोखीच्या मार्गापेक्षा अधिक पटला.

इसार पन्नास हजारांचा, धनादेशाने घेतला. इसारपत्रात खरेदीखताची अखेरची तारीख, कोणी माघार घेतल्यास इसाराचे काय व्हायचे आणि कर, वीजबिल कोणत्या दिवसापर्यंत कोणी भरायचे हे लिहिले. ताबा मात्र त्यात दिला नाही. इसारपत्रात ताबा दिल्याचा उल्लेख आला तर त्यालाच खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू होते, आणि त्याहीपेक्षा, पूर्ण पैसे येण्यापूर्वी घराची किल्ली देणे विकणाऱ्याच्या हिताचे नाही. त्याच्या वकिलाने दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला, एका दैनिकात जाहीर सूचना दिली, आणि बाबांनी कधी पतसंस्थेकडे घर तारण ठेवले होते का याची चौकशी केली. खरेदीदाराने हे सगळे करावेच. आम्हाला त्यात राग येण्यासारखे काही नव्हते, जरी गावात "विश्वास नाही का" असे म्हणणारे भेटतात.

गावातले बरेच व्यवहार अजूनही नुसत्या स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का घेऊन होतात. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे घर नोंदणीकृत दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेले आहे. असा कागद घेऊन वीस वर्षे राहिलेल्या एका कुटुंबाला घरकुलासाठी आणि कर्जासाठी किती फिरावे लागले हे आम्ही शेजारीच पाहिलेले होते.

रजिस्ट्रीच्या दिवशी सगळे वारस एकत्र आणणे हे लग्नातल्या मुहूर्तासारखे काम होते. भावाने मुखत्यारपत्र पाठवण्याचा विचार केला होता, पण तेही नोंदणीकृतच लागले असते, म्हणून तो स्वतः आला. आत्याचे वय पाहता कार्यालयाऐवजी तिच्या घरी नोंदणी करता येईल का हे आम्ही विचारले होते; विशेष कारण असल्यास कायद्यात तशी सोय आहे. पण आत्यालाच यायचे होते. तिथे प्रत्येकाचा फोटो आणि अंगठा संगणकावर घेतला जातो. आत्याच्या बोटांच्या रेषा आयुष्यभराच्या निंदण-वेचणीने इतक्या झिजलेल्या होत्या की यंत्र ठसा घेईना. ऑपरेटरने बोट ओल्या कापडाने पुसून, थोडे दाबून, पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तेव्हा तो उमटला. अशा वयाच्या माणसांना घेऊन जाताना सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि सोबत पाणी, खाणे ठेवावे. खरेदीखतात प्रत्येकाची रक्कम आणि डिमांड ड्राफ्टचा क्रमांक वेगवेगळा लिहिला होता: आत्याला १,७०,००० रुपये, आईला २,५५,००० रुपये आणि आम्हा तिघांना प्रत्येकी ८५,००० रुपये, आईच्या रकमेत तिला आधी मिळालेला इसार धरून. सही करण्यापूर्वी अर्जनवीसाने पूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवला, तो आम्ही आग्रहाने वाचायला लावला होता.

आईसाठी आम्ही त्यानंतर तालुक्याच्या गावी माझ्या घराजवळ एक जुने, दोन खोल्यांचे घर घेतले, आणि त्यात आम्ही तिघांनी भर घातली. घेणाऱ्याच्या बाजूने पाहताना आम्ही तेच सगळे कागद मागितले, शिवाय लेआउट मंजूर आहे का, जमीन अकृषक झाल्याचा आदेश आहे का आणि प्लॉटचा नंबर त्या मंजूर नकाशात सापडतो का हे तपासले. शेताचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट तालुक्याच्या गावांभोवती पुष्कळ आहेत आणि स्वस्तही पडतात. ते आम्ही पाहायलाही गेलो नाही. घर पाहिले ते पावसाळ्यात. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खालच्या मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर भिंती दरवर्षी थोड्या थोड्या हलत राहतात. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी वर जाणारी भेग दिसली तर ती नुसत्या गिलाव्याची नसते. एका घरात अशा भेगा ताज्या रंगाखाली बुजवलेल्या होत्या, पण पावसाने त्या जागी ओल धरून रंग फुगला होता. ते घर आम्ही सोडले आणि ज्याची जमीन मुरमाड होती ते घेतले, जरी ते रस्त्यापासून आत होते.

गावच्या घराचे काम रजिस्ट्रीनेही संपत नाही. आखीव पत्रिकेवर खरेदीदाराचे नाव लागण्याचा फेरफार, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नावाचा बदल, नळजोडणी आणि महावितरणचे मीटर, हे चारही वेगवेगळे अर्ज आहेत आणि एकाने दुसरा आपोआप होत नाही. खरेदीदार पहिला करतो आणि बाकीचे राहून जातात, मग कराची मागणी मृत माणसाच्या नावाने निघत राहते आणि वीजबिलाची थकबाकी विकणाऱ्याच्या नावावर साचते. आम्ही ताबा दिला त्या दिवशी मीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने ताबा पावतीवर लिहिले, चारही अर्ज त्याच्यासोबत भरले आणि प्रत्येकाची पोच घेतली. आखीव पत्रिका, नमुना ८ आणि नळ यांवर आता त्याच्या पत्नीचे नाव आहे. मीटरचा अर्ज मंजूर झाला असून पुढचे बिल नव्या नावाने यायचे आहे.